न फुटलेलं लिंटल

आमच्या गावठाणात एक मिस्त्री आहे, त्याला सगळे ‘लिंटल’ म्हणतात. त्याची स्कूटर कोपऱ्यावर दिसली की टपरीवरची पोरं ओरडतात, ‘‘लिंटल आला रे, भिंती धरा!’’ दरवाजाच्या डोक्यावर सिमेंटचा जो आडवा पट्टा असतो आणि वरच्या भिंतीचा भार तोलतो, ते लिंटल. या मिस्त्रीने आमच्या घराचं काम करताना ते फोडलं आणि त्यापायी आम्हाला पुढचा दरवाजा बुजवावा लागला, अशी हकिकत गावठाणात सगळ्यांना तोंडपाठ आहे.

ती खोटी आहे. लिंटल फुटलं नव्हतं. ती हकिकत मी रचली. का रचली हे सांगताना लाज वाटते, पण लाजत बसण्याइतका वेळ आता हाताशी राहिलेला नाही.

माझी सगळी नोकरी तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात झाली, प्रयोगशाळेत. राहणं कंपनीच्या क्वार्टरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. तिथे भिंतीला खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागे, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत कॅलेंडर जुनं होई. निवृत्तीनंतर नेरूळला भाड्याने राहिलो. म्हणजे साठी उलटून गेली तरी स्वतःची म्हणावी अशी एक वीटसुद्धा माझ्या नावावर नव्हती. अशा माणसाच्या हातात एकदम अख्खं जुनं घर आलं की तो काय करील याचा भरवसा नसतो. मी तर आधीपासूनच भरवशाचा नव्हतो, फक्त ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

लक्षात न येण्याचं कारण म्हणजे माझी ख्याती. क्वार्टर्सच्या मंडळात मी अंधश्रद्धेचा कर्दनकाळ समजला जात असे. गणपतीत माझं भाषण ठरलेलं. एकदा कारखान्याच्या गेटवर टांगलेली लिंबू-मिरची मी सगळ्यांदेखत काढली आणि त्या लिंबाचं सरबत करून प्यायलो. पुढे पोट बिघडलं. लिंबू शिळं होतं म्हणून बिघडलं, असं मी तेव्हा सांगितलं आणि आजही तेच म्हणणं आहे.

बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नेरूळच्या इमारतीची लिफ्ट वरचेवर बंद पडू लागली, तेव्हा जमिनीवरचं घर बघायचं ठरलं. बायकोची अट एकच होती. ‘‘दार उघडलं की माणसं दिसली पाहिजेत. जन्मभर जिना बघितला मी.’’

उरणच्या वाटेवरच्या एका जुन्या गावठाणात असं घर मिळालं. बैठं, कौलारू, पुढे ओटा, ओट्याला लागून गल्ली. मूळ मालकाने जवळच टॉवरमध्ये फ्लॅट घेतला होता. एजंट प्रामाणिक होता, किंवा थकलेला होता. म्हणाला, ‘‘साहेब, आधीच सांगतो, दक्षिणमुखी आहे. म्हणून कोणी घेत नाही. म्हणून भाव पडलाय.’’

मला तर पर्वणीच. पृथ्वी गोल आहे, दिशा ही माणसाने केलेली सोय आहे, वगैरे सगळं मी त्याला तिथेच ऐकवलं. तो घड्याळ बघत होता. बायकोचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती ओट्यावर बसली होती आणि शेजारच्या ओट्यावर सुकट निवडणारी बाई तिला विचारत होती, ‘‘पायाला काय झालंय, ताई? थांबा, पानी आनते.’’ पाणी आलं, पाठोपाठ दोन बायका आल्या, गुडघ्याची चौकशी झाली. बायकोने मला लांबूनच मान हलवून सांगितलं, की हेच.

लोकांच्या अंधश्रद्धेमुळे मला घर स्वस्तात मिळालं, ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत सुटलो. तिथेच गडबड झाली, कारण सांगता सांगता एक दिवस मी ती एका जुन्या सहकाऱ्याला फोनवर सांगितली. तो काहीच वाद घालायला बसला नाही. नुसतं म्हणाला, ‘‘दक्षिणमुखी? हं.’’

त्या ‘हं’ने माझं जन्मभराचं वाचन पाण्यात घातलं. मी म्हटलं, ‘‘हं म्हणजे काय?’’ तो म्हणाला, ‘‘काही नाही रे. कर्त्या पुरुषाला जड जातं म्हणतात. तू कुठे मानतोस!’’

मानत नव्हतोच. पण घरात कर्ता पुरुष किती, हे मी फोन ठेवल्यावर मोजलं. एकच निघाला. मग नोंदणीच्या दिवशी माझ्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. आयुष्यभर ॲसिडशी खेळलेली बोटं, ठसा येणार कुठून? हे कारण मला माहीत होतं, पण त्या दिवशी ते पटेना. घराची किल्ली घेऊन गेलो तर एक कौल घसरून मी नुकताच जिथे उभा होतो तिथे पडलं. डॉक्टरांनी रक्तदाब वाढला म्हणून गोळी बदलली. यातल्या प्रत्येक गोष्टीचं शास्त्रीय कारण मी कुणालाही समजावून सांगू शकलो असतो. स्वतःला मात्र समजावता आलं नाही. शेवटी मी नेरूळच्या एका वास्तुतज्ज्ञाला फोन केला. फोन करायला बागेत गेलो, झाडाआड. प्रेमप्रकरण असतं तरी इतका चोरटेपणा केला नसता.

तो भर दुपारी काळा चष्मा लावून आला. बायकोला मी सांगितलं, वॉटरप्रूफिंगवाला आहे. त्याने मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं आणि ते हातात धरून घरभर फिरू लागला. बायको त्याच्या मागे मागे.

‘‘अहो, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गळतंय, ते बघा ना,’’ ती म्हणाली.

‘‘पाण्याचं स्थान ईशान्येला पाहिजे,’’ तो गंभीरपणे म्हणाला.

‘‘म्हणजे हे गळणं बंद करायचं, की ईशान्येला गळवायचं?’’

मी खोकलो. तोही हुशार, म्हणाला, ‘‘केमिकल वेगळं येतं, मॅडम.’’ मग मला बाहेर नेऊन त्याने निकाल सांगितला. दक्षिणेचा दरवाजा बुजवायचा, येण्याजाण्याला पूर्वेच्या भिंतीत नवा काढायचा. मी विचारलं, ‘‘तिकडे तर बोळ आहे.’’ तो म्हणाला, ‘‘बोळ आहे, पण पूर्वेचा आहे.’’

आता मिस्त्रीबद्दल. हा मिस्त्री काही संत नव्हता. मोठ्याने बोलायचा, स्वतःच्या कामाची स्वतःच तारीफ करायचा आणि सकाळी येतो म्हणून दुपारी उगवायचा. आमच्या मोरीचा ढाळ त्याने उलटा दिला, अंघोळीचं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे धाव घेतं. खरंखुरं काय ते लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो, तो ढाळ त्याचाच. पण दरवाजाची गोष्ट माझी आहे.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, ‘‘मिस्त्री, पुढचा दरवाजा बुजवा आणि बोळात नवा काढा.’’

तो हसला. ‘‘काय काका, मस्करी करता? बोळातना म्हस पन जात नाय. तुमी काय आडवं चालणार, चिंबोरीसारखं?’’

‘‘मी सांगतो ते करा.’’

‘‘काकीला ओटा पायजे ना? काकी तर रोज विचारते, माझ्या ओट्याची फरशी कधी बसवता.’’

‘‘काकीला सांगायचं, प्लास्टर काढताना लिंटल फुटलं.’’

मिस्त्री दरवाजाखाली जाऊन उभा राहिला, वर पाहिलं, हातोडीच्या दांड्याने लिंटलवर टकटक केली. ‘‘मस्त हाय लिंटल. वाजतंय बघा कसा, टनटन.’’

‘‘मला माहीत आहे.’’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘काकीला घाबरता काय?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. यमाला घाबरतो म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

‘‘पन मग नाव माझंच खराब होल ना, काका.’’

‘‘कोणाला कळणार आहे? घरातल्या घरात राहील. तुमचा हिशोब मी नीट करीन.’’ मिस्त्रीने मान खाजवली. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून असेल किंवा त्याच्या लेकीचं लग्न तोंडावर होतं म्हणून असेल, तो हो म्हणाला.

संध्याकाळी मी बायकोला बातमी दिली. चेहरा पाडायला कष्ट पडले नाहीत. ती थेट मिस्त्रीसमोर जाऊन उभी राहिली. ‘‘काय हो, हात मोडले होते का तुमचे? एवढा एकच दरवाजा होता मला हवासा! दुसरं लिंटल बसवा मग.’’

मी पुढे झालो. जुन्या भिंतीला हादरे सोसणार नाहीत, वरचा भार सरकेल, असं काहीतरी प्रयोगशाळेतल्या आवाजात बोललो. तिने ते मानलं. माझ्यावर विश्वास ठेवायची तिला वाईट सवय आहे. मिस्त्री खाली मान घालून थापी पुसत होता. मध्ये एकदाच त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा फार बारकाईने प्लास्टर तपासत होतो.

दरवाजा बुजला. मिस्त्रीने जुनी सागवानी चौकट काढून भिंतीला टेकवून ठेवली. ती तिथे उभी राहून माझ्याकडे बघते असं मला वाटायचं, म्हणून मी ती भंगारवाल्याला देऊन टाकली.

नवा दरवाजा म्हणजे एक शिक्षाच होती, आणि ती मी स्वतः ठरवून, पैसे मोजून घेतली होती. बोळात समोर शेजारणीची मोरी, म्हणजे पूर्वेचं दार उघडल्यावर सूर्यनारायणाऐवजी तिच्या मोरीची झडप दिसायची. पायाखाली गटारावर टाकलेली कडप्प्याची लादी, ती पाऊल पडलं की डुगडुगायची. फ्रिज आत येताना अडकला तो दुपारभर तसाच बोळात राहिला आणि शेजारणीच्या घरच्यांना मोरीत जायची पंचाईत झाली. कपाट तर सुटं करून आत नेलं आणि परत जोडताना त्याचे दोन स्क्रू उरले. ते अजून माझ्याकडे आहेत. मिस्त्री म्हणायचा तसा मी खरंच आडवा चालू लागलो होतो.

बायकोला मात्र तसंही चालता येईना. डुगडुगती लादी तिच्या गुडघ्याला जमेना, म्हणून ओटा घराला लागून असूनही तिच्यासाठी परगावी गेल्यासारखा झाला. ती आत खिडकीशी बसू लागली. गल्लीत बोभाटा झाला तो वेगळाच. शहरातून आलेल्या माणसांनी गल्लीकडे पाठ केली, असं बायका म्हणू लागल्या. ते बायकोच्या कानावर आलं तेव्हा ती खिडकीतून शेजारणीला कळवळून म्हणाली, ‘‘नाही हो ताई, त्या मिस्त्रीने लिंटल फोडलं, नाहीतर मी कशाला दार बंद केलं असतं?’’

झालं. आमचं नाव गल्लीत साफ झालं आणि मिस्त्रीचं गेलं. शेजारणीने पाणी भरताना सांगितलं, तिथून ते टपरीवर गेलं, टपरीवरून मच्छीबाजारात. गावठाणात मिस्त्रीच्या दहा भिंती सरळ उभ्या होत्या, पण त्यांच्याबद्दल कोण बोलणार? महिन्याभरात त्याचं नाव लिंटल पडलं. मला मात्र सगळे म्हणायचे, ‘‘बिचारे काका. कसला मिस्त्री भेटला!’’ आणि मी, हे लिहिताना हात जड होतो आहे, मी उसासा टाकायचो.

मग एक दिवस मिस्त्री घरी आला. बायको डॉक्टरकडे गेली होती, ती वेळ बघूनच आला असावा. चहा नको म्हणाला. शेजारणीचा मुलगा घरावर स्लॅब टाकणार होता, वरचा मजला बांधणार होता. मिस्त्री त्याच गल्लीतला, ते काम त्यालाच मिळायचं. मुलाने दुसऱ्याला विचारलं होतं.

‘‘तो मना बोलला, तुला एक लिंटल सांभालता येत नाय, स्लॅब काय सांभालणार?’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘काका, मी कवाच काय बोललो नाय. शब्द दिला होता. पन आता तुमी त्याला सांगा. फक्त त्याला सांगा.’’

‘‘सांगतो,’’ मी म्हटलं. ‘‘योग्य वेळ बघून सांगतो.’’

‘‘काम द्यायच्या आधीच सांगाल ना?’’

‘‘बघतो ना.’’

ही ‘बघतो’ची विद्या मी क्वार्टरच्या अर्जांवरून शिकलो होतो. त्याच आठवड्यात मी दोनदा शेजारणीच्या दारापर्यंत गेलो. एकदा मुलाला विचारलं, ‘‘काय, पाणी येतं का वेळेवर?’’ दुसऱ्यांदा तेवढंही विचारलं नाही. मुलाला सांगितलं तर शेजारणीला कळणार, तिला कळलं की खिडकीतून बायकोला कळणार. आणि बायकोला लिंटलचं कळलं की पुढचा प्रश्न ‘मग का?’ हाच असणार. माझा सगळा विवेकवाद त्या दोन शब्दांना घाबरून होता.

नेमकं त्याच सुमारास नेरूळच्या ज्येष्ठांच्या एका मंडळाने भाषणाला बोलावलं. विषय, घर आणि अंधश्रद्धा. नाही म्हणायला पाहिजे होतं. मी गेलो, आणि बायकोलाही घेऊन गेलो, कारण तिला माणसं बघायची होती.

भाषण रंगलं. खोटं कशाला बोलू, फारच रंगलं. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, ‘‘सर, तुम्ही स्वतः दक्षिणमुखी घर घेतलंत म्हणे?’’

‘‘अर्थात!’’ मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेत बायको बसली होती. तिने शेजारच्या बाईंना माहिती म्हणून सांगितलं, पण टाळ्या नेमक्या तेव्हाच थांबल्या आणि तिचा आवाज सभागृहभर गेला. ‘‘आता नाही हो. मिस्त्रीने लिंटल फोडलं, म्हणून तो बुजवून पूर्वेला दरवाजा काढावा लागला.’’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘वा! लिंटलला बरोबर दिशा कळली!’’

सगळे हसले. बायकोही आधी हसली. मग हसता हसता थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. मी टेबलावरचं पाणी प्यायलो. पेला रिकामा झाल्यावरही मी तो तोंडाला लावून उभा होतो.

परतताना रिक्षात ती गुडघा चोळत बसली. खाडीचा पूल आला तेव्हा म्हणाली, ‘‘तो वॉटरप्रूफिंगवाला.’’

मी बाहेर बघत होतो.

‘‘ईशान्य,’’ ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. सहकाऱ्याच्या ‘हं’पासून भंगारात गेलेल्या चौकटीपर्यंत. रिक्षावाल्याने आरसा जरा वळवून घेतला, त्यालाही ऐकायचं होतं. मला वाटलं होतं ती ओट्यासाठी रडेल किंवा मला भित्रा म्हणेल. भित्रा ती म्हणालीच, पण नंतर. आधी म्हणाली, ‘‘अहो, मी त्या माणसाला हात मोडले का म्हणाले. त्याच्या कामगारांसमोर. आणि तो गप्प उभा राहिला.’’ जरा वेळाने म्हणाली, ‘‘दरवाजाचं मी तुम्हाला बघून घेईन. आधी त्याचं नाव.’’

रविवारी सकाळी तिने मिस्त्रीला बोलावलं. डुगडुगत्या लादीवरून मला धरून, एक एक पाऊल टाकत ती बोळातून आली आणि ओट्यावर बसली. गल्लीतल्या बायका जमल्या. तिने सगळ्यांसमोर मिस्त्रीला हात जोडले. ‘‘माझी चूक झाली. मी नको ते बोलले.’’ मिस्त्री घाबरून दोन पावलं मागे सरला. ‘‘काकी, अवो काकी, काय करता!’’

‘‘आता तुम्ही,’’ ती मला म्हणाली.

मी उभा राहिलो. घसा साफ केला. ‘‘माणसाच्या विवेकाला काही मर्यादा असतात, आणि विशिष्ट परिस्थितीत...’’

‘‘भाऊ,’’ शेजारीण म्हणाली, ‘‘मराठीत सांगा.’’

‘‘लिंटल फुटलं नव्हतं,’’ मी म्हटलं. ‘‘मीच दरवाजा बुजवायला लावला. मी घाबरलो होतो.’’

‘‘कोनाला?’’

‘‘दक्षिणेला.’’

गल्लीतलं हसू कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गेलं असणार, कारण तिथून पोरं बघायला आली. शेजारीण पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘‘अवो, माझा दरवाजा कुठं हाय, बघा तरी! ही अख्खी रांग दक्षिनेला हाय. माझी सासू नव्वदी पार करून गेली ह्या दरवाजातून. मरता मरत नव्हती!’’

मी शेजारच्या दरवाजाकडे बघितलं. रोज त्याच्यासमोरून जात होतो. होकायंत्रवाल्यानेही बघितला नसावा.

शेजारणीचा मुलगा मात्र हसला नाही. तो मिस्त्रीकडे न बघता म्हणाला, ‘‘मला आधी कुणी सांगितलं असतं तर...’’ त्याच्या घराशेजारी तेव्हा बांबूच्या टेकणांचा ढीग येऊन पडला होता. दुसऱ्या मिस्त्रीच्या कामाचा. बयाणा दिलेला होता, तो फिरवता येणार नव्हता. माझ्या ‘बघतो’ची ही किंमत पडली, आणि ती मी भरली नाही.

दरवाजा पुन्हा उघडला. तो मिस्त्रीनेच उघडला, पण पहिला घाव बायकोने मला घालायला लावला. तीन-चार घावांत मला धाप लागली आणि टवकाही निघाला नाही. मिस्त्री बिडी ओढत बघत होता. ‘‘चांगलं बांधलंय ना, काका?’’ सागवानी चौकट गेली ती गेलीच, आता तिथे प्लायवूडचं दार आहे, ते पावसाळ्यात फुगतं. बायको ओट्यावर बसते. तिथे इतक्या जणी असतात की मला वाट मिळत नाही. पहिले काही दिवस मी आठवणीने उजवा पाय आधी बाहेर टाकत होतो, हेही लिहून ठेवतो. नाडीसुद्धा बघत होतो.

राहिला मिस्त्री. त्याने मला माफ केलं असं कुणी समजू नये. तो म्हणाला, ‘‘काका, गल्लीत सांगून काय फायदा? नाव तर मच्छीबाजारात गेलंय. आता मी जिथं काम धरीन तिथं तुमी यायचं आनि सांगाचं.’’ बायको आतून म्हणाली, ‘‘येतील. घेऊन जा.’’

तेव्हापासून मी त्याच्या स्कूटरवर मागे बसून साइटवर जातो. साक्षीदार म्हणून. पहिल्याच ठिकाणी घोटाळा झाला. मालक नवा होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. मी मनापासून सांगितलं, ‘‘या मिस्त्रीच्या हातून लिंटल फुटलेलं नाही.’’ तो एकदम सावध झाला. ‘‘कुठलं लिंटल?’’ त्याला सगळी गोष्ट सांगेपर्यंत ते काम गेलं. परतताना मिस्त्रीने स्कूटर एकेका खड्ड्यातून नेली. आता आमचं ठरलेलं आहे, आधी मिस्त्री विचारतो, ‘‘माझ्याबद्दल काय आयकलंय काय?’’ मालक हसला तरच मी तोंड उघडायचं.

गेल्या आठवड्यात उरणच्या अलीकडे एका घरी गेलो होतो. म्हातारा मालक, त्याची सून आणि अर्धवट पाडलेली पडवी. मिस्त्रीने विचारताच म्हातारा हसला. ‘‘तूच ना रं तो लिंटलवाला?’’

मिस्त्रीने माझ्याकडे बोट केलं. मी सगळं सांगितलं. आता ते मला थोडक्यात सांगता येतं, विवेकाच्या मर्यादा वगळून. सून ओढणी तोंडावर घेऊन हसत होती. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग दरवाजा परत उघडलात, त्याच्यामागं तुमाला काय झालं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘बीपी?’’

‘‘तेवढंच आहे. गोळी चालू आहे.’’

म्हाताऱ्याने पडवीकडे हात केला. ‘‘आमचाबी दक्षिनेला हाय. पोरगा बोलतो, काम काढलंच हाय तर पूर्वेला फिरवून घेऊ. तुमी शिकलेली मानसं. काय करू? ठेवू का फिरवू?’’

मिस्त्री माझ्याकडे बघत होता, सूनही. सभागृहात याचं उत्तर मी शेकडो लोकांना दिलं होतं आणि एकाही उत्तराची मला कधी किंमत पडली नव्हती. इथे एक माणूस माझं ऐकून खरोखर दरवाजा ठेवणार होता, आणि उद्या त्याला काही झालं असतं तर ते माझ्या डोक्यावर आलं असतं. हे सगळं माझ्या मनात आलं, इतक्या वर्षांनंतर आणि इतक्या फजितीनंतरही आलं.

‘‘ठेवा,’’ मी म्हटलं. आवाज जरा चिरका निघाला.

म्हातारा मिस्त्रीकडे वळला. ‘‘मग सोमवारपासून ये, मिस्त्री. वेलेवर ये.’’ ‘मिस्त्री’ म्हणाला तो. ‘लिंटल’ नाही.

स्कूटर चालू झाली, आम्ही रस्त्याला लागलो. मला वाटलं आता हा काहीतरी बरं बोलेल. कंटेनरची रांग ओलांडून गेल्यावर मिस्त्रीने मान मागे वळवली आणि वाऱ्यावर ओरडला, ‘‘काका, तुमाला अक्कल हाय काय? फिरवा बोलले असते तर दरवाजाचं काम अजून भेटलं असतं ना!’’